मेघ आणि मंडप : एका स्थानिक मेळाव्याच्या निमित्ताने

१

प्रस्तुत लेखाचा विषय भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना प्रथमदर्शनी परका वाटेल, याची लेखकास जाणीव आहे. मेघसंगणन, म्हणजे ज्यास व्यवहारात सर्वत्र ‘क्लाउड कम्प्युटिंग’ म्हणतात, ते तंत्रज्ञांचे क्षेत्र. त्यावर एखाद्या गावी मेळावा भरविणे हे त्याहूनही किरकोळ काम. परंतु असा मेळावा भरविण्याची जबाबदारी अंगावर आली असता जे प्रश्न उभे राहिले, ते बहुतांशी भाषेचे, रूपकाचे आणि भाषांतराचे होते. म्हणून त्यांचा विचार येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रसंग असा. गतवर्षी हैदराबादेत अतिथी प्राध्यापक म्हणून राहत असताना मला आदिलाबाद जिल्ह्यातील मराठीभाषक स्त्रियांच्या ओव्यांची काही ध्वनिमुद्रणे ऐकावयाची होती. विभागातील एका जुन्या संशोधन-प्रकल्पात ती झालेली होती. सुमारे चौदा तासांची. कोठे आहेत म्हणून विचारता प्रत्येकाने एकच उत्तर दिले : “ती क्लाउडवर आहेत.” हे उत्तर देणाऱ्यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. शोध घेता असे निष्पन्न झाले की, मुद्रणे एका संशोधकाच्या व्यक्तिगत खात्यावर ठेवलेली होती. संशोधक विद्यापीठ सोडून गेले, खाते वापराविना राहिले, पुढे बंद झाले. आणि त्याबरोबर मुद्रणेही गेली. गाणाऱ्या बायांपैकी दोघी तोपर्यंत निवर्तल्या होत्या. दोष कोणा एकाचा नव्हता. ‘क्लाउडवर आहे’ या दोन शब्दांनी आम्हां सर्वांचे समाधान झाले होते, आणि त्या समाधानाचीच ही किंमत होती.

त्यानंतर विभागाने ठरविले की, विद्यार्थी, ग्रंथालयातील कर्मचारी आणि शहरातील जिज्ञासू नागरिक यांच्यासाठी या विषयावर एक दिवसाचा मेळावा घ्यावा. यजमानपद ओघानेच माझ्याकडे आले.

२

प्रथम रूपकाचा विचार करू. ‘मेघ’ हे नाव या तंत्रास कसे पडले? दूरध्वनीच्या आणि पुढे संगणकजालांच्या आकृत्या काढताना अभियंते एक सोय वापरीत. जालाच्या ज्या भागाची आतली रचना आकृती पाहणाऱ्यास कळण्याची गरज नाही, त्या जागी ढगाचा आकार काढावयाचा. एका टोकाकडून संदेश ढगात शिरतो, दुसऱ्या टोकास बाहेर पडतो. मधले विचारू नये. संगणनाची शक्ती विजेप्रमाणे वा नळाच्या पाण्याप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून पुरविता येईल, ही कल्पना त्याहून जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी ती १९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या शताब्दी-समारंभात मांडली होती. पण वीज-पाण्याचे रूपक मागे पडले आणि मेघाचे पुढे आले. २००६ च्या मार्च महिन्यात ॲमेझॉनने साठवणुकीची आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भाड्याच्या संगणकांची सेवा सुरू केली. त्याच ऑगस्टमध्ये गूगलचे एरिक श्मिट यांनी एका परिषदेत हा शब्द वापरला, आणि तो रूढ झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये मेघसंगणनाची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत पाच लक्षणे सांगितली आहेत : मागताक्षणी आपले आपण मिळविता येणे, जालावरून सर्वत्र उपलब्धता, साधनांचा सामाईक साठा, गरजेनुसार झपाट्याने वाढणे व आटोपणे, आणि मोजून आकार घेणे. यांपैकी तिसऱ्या लक्षणाच्या विवरणात एक गोष्ट स्पष्टच म्हटली आहे. आपण वापरीत असलेली साधने नेमक्या कोणत्या जागी आहेत, याचे ज्ञान वा त्यावर नियंत्रण ग्राहकास सामान्यतः नसते. फार तर देश, राज्य किंवा केंद्र एवढे त्यास निवडता येते. म्हणजे स्थानाविषयीचे अज्ञान हा या मेघाच्या लक्षणांचाच एक अंश आहे.

येथे भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास ‘मेघदूता’चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मराठीत तर चिंतामणराव देशमुख, बा. भ. बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा अनेकांनी त्याचे अनुवाद केले, तेव्हा निरोप वाहून नेणारा मेघ आमच्या वाचकास अपरिचित नाही. नव्या तंत्राचे नाव ऐकताच तो मेघ आठवतो आणि नाव आपलेसे वाटते. परंतु दोन मेघांत एक मूलभूत भेद आहे. कालिदासाचा मेघ जातो तो वाटेवरील एकेका स्थळाच्या नावानिशी. रामगिरी, आम्रकूट, विदिशा, उज्जयिनी आणि शेवटी कैलासावरील अलका. पूर्वमेघ हा एक मार्गदर्शक नकाशाच आहे. तो इतका नेमका आहे की, म. म. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकाने रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे साधार प्रतिपादन केले. यक्षाला आपला निरोप कोणत्या नद्यांवरून, कोणत्या नगरांवरून जाणार हे ठाऊक आहे. आधुनिक मेघाची आकृती मात्र मुळात नकाशा झाकण्यासाठी काढली गेली. एक मेघ स्थळे दाखवितो, दुसरा लपवितो. नावाच्या सारखेपणामुळे आपण दुसऱ्याला पहिल्याचे पुण्य बहाल करतो, हा या रूपकाचा पहिला धोका होय.

३

दुसरा प्रश्न शब्दाचा. मेळाव्याची सूचना मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत काढावयाची होती. इंग्रजी मजकूर पाच मिनिटांत झाला. उरलेल्या तिहींना एक संपूर्ण दुपार लागली.

मराठीत ‘मेघसंगणन’ हा शब्द उपलब्ध आहे, आणि तो घडणीला निर्दोष आहे. पण सामान्य मराठी माणूस आकाशात पाहतो तो ‘ढग’. ‘मेघ’ तो कवितेत वा गाण्यात भेटतो. मग ‘ढग’ का नको, असे एका विद्यार्थिनीने विचारले. उत्तर देण्यापूर्वीच वर्गातील मराठी मुले हसू लागली. ‘ढगात जाणे’ याचा आजच्या बोलभाषेतील अर्थ मरणे असा आहे. “तुमची कागदपत्रे ढगात गेली” असे म्हटल्यावर ती सुरक्षित आहेत असे कोण मानील? तेलुगूत नित्याचा शब्द ‘मब्बु’. तेलुगू विभागातील सहकाऱ्यांनी सांगितले की, त्यास मंदपणाची, गुंगीची छटा आहे. झोपेच्या गुंगीसही ‘निद्रमब्बु’ म्हणतात. म्हणून तेथेही ‘मेघ’च बरा. उर्दूच्या प्राध्यापकांनी ‘बादल’ आणि ‘अब्र’ दोन्ही तोलून पाहिले, आणि ‘क्लाउड’ हाच शब्द उर्दू लिपीत लिहावा असा निर्णय दिला. तमिळात ‘मेगक् कणिमै’ हा शब्द प्रचारात आहे. त्यात मेघ संस्कृतातून आलेला आणि संगणनवाचक शब्द तमिळ धातूपासून घडविलेला, असा संकर आहे. भारत सरकारने २०१३ साली आपल्या मेघसेवेचे धोरण जाहीर केले तेव्हा तिचे नाव ‘मेघराज’ ठेवले.

या तुलनेतून एक गोष्ट लक्षात येते. मराठीत आणि तेलुगूत नित्याच्या शब्दाला काही सावली आहे : मरणाची, गुंगीची. उच्च शब्द मात्र स्वच्छ आहे, कारण तो दूरचा आहे. आपण स्वच्छ शब्द निवडतो आणि त्याबरोबर शंकेचीही सफाई होऊन जाते. आमच्या ओव्यांच्या बाबतीत ‘ढगात गेल्या’ हेच वर्णन अक्षरशः खरे ठरले होते! लोकभाषेच्या थट्टेत जी सावधगिरी होती, ती परिभाषेने घालविली. यावरून परिभाषा नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सूचनेत आम्ही ‘मेघसंगणन (क्लाउड)’ असेच छापले. पण शब्द छापून काम संपत नाही, हे त्या दुपारी समजले.

४

हैदराबादेत बसून हा विचार करताना दारुल-तर्जुमाची आठवण होते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले ते उर्दू माध्यमातून सर्व विद्या शिकविण्याच्या उद्देशाने; आणि त्यासाठी आधीच, १९१७ मध्ये, भाषांतराचे हे कार्यालय उघडण्यात आले होते. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्यावर होते. रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी, विधी अशा विषयांचे ग्रंथ तेथे उर्दूत आले आणि असंख्य पारिभाषिक संज्ञा घडविल्या गेल्या. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले, आणि त्या संज्ञांपैकी पुष्कळशा ग्रंथांतच राहिल्या. ज्या आसऱ्यावर त्या उभ्या होत्या तो आसरा राजाचा होता. तो जाताच त्यांचे चलन थांबले.

याच्या शेजारी महाराष्ट्रातील दुसरी परंपरा ठेवून पाहावी. १८४८ साली मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या आश्रयाने मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. तेथे तरुण मंडळी आपल्या भाषेत निबंध वाचीत आणि चर्चा करीत; १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती आजही चालू आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने हीच वाट विज्ञानापुरती पुढे नेली. या सर्वांत संज्ञा घडविणे हे मुख्य काम नव्हते. समोर बसलेल्या माणसाला समजेल असे बोलणे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे, हे काम होते. शब्द टांकसाळीत पडतो हे खरे. पण तो नाणे म्हणून चालतो की नाही, हे बाजारात ठरते. सभा हा ज्ञानाचा बाजार होय, आणि तेथे ग्राहकाला शब्द वाजवून पाहण्याचा अधिकार असतो.

मेघसंगणनाचे स्थानिक मेळावे ही या परंपरेची दूरची भावंडे आहेत, असे मला वाटते. २०१३ च्या एप्रिलमधील एका शनिवारी ‘ग्लोबल विंडोज ॲझ्युअर बूटकॅम्प’ या नावाखाली जगातील अनेक शहरांत एकाच दिवशी स्थानिक स्वयंसेवकांनी असे वर्ग भरविले, आणि तो क्रम पुढेही चालू राहिला. अन्य सेवांच्या वापरकर्त्यांची मंडळेही भारतातील मोठ्या शहरांत नियमाने जमतात. सुटीचा दिवस, एखाद्या महाविद्यालयाचे वा कंपनीचे सभागृह, विनामूल्य प्रवेश, चार-पाच व्याख्याने, दुपारचे जेवण, आणि नंतर प्रत्यक्ष हाताने करून पाहण्याचा तास, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. वक्ते मानधन घेत नाहीत. ज्ञान वाटून घेण्याची ही वृत्ती निःसंशय आदरणीय आहे. उणीव एकच : मेळावा ‘स्थानिक’ म्हणविला जातो, पण स्थानाची भाषा त्यात बहुधा चहाच्या वेळीच ऐकू येते.

५

आमच्या मेळाव्याची सकाळ या साच्याप्रमाणेच गेली. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने पडद्यावर आकृत्या दाखवीत उत्तम इंग्रजीत विवेचन केले. साठेक श्रोते होते. कोणीही प्रश्न विचारला नाही. मौन म्हणजे आकलन, असा समज करून घेणे वक्त्याला सोयीचे असते. यजमानाने तो करून घेऊ नये.

मी त्या विद्यार्थ्याला विनंती केली की, हेच पुन्हा मराठीत आणि दखनीत, जसे घरी बोलतोस तसे सांग. तो गोंधळला, अडखळला. पण सांगू लागला. पाच मिनिटांत मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. एका वाचनालयात त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली होती. ते म्हणाले, “बेटा, हे सगळं ठेवलंय कुठं?”

विद्यार्थी म्हणाला, “काका, कुठंही असू शकतं. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

“कुठंही म्हणजे कुठंच नाही म्हणायचं का? आमच्या वाचनालयात पुस्तक कुठंही असलं तर त्याला आम्ही हरवलं म्हणत होतो.”

सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तरही खरे द्यावे लागले. विद्यार्थ्याने पडद्यावर सेवेची नियंत्रणपाटी उघडली आणि स्थाननिवडीची यादी दाखविली. तीत मुंबई होती, हैदराबाद होती. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईस आणि २०२२ च्या नोव्हेंबरात हैदराबादेस, गूगलने २०१७ साली मुंबईस आपली केंद्रे सुरू केली, हे त्याने सांगितले. हैदराबादेचे केंद्र म्हणजे रंगारेड्डी जिल्ह्यातील जमिनीवर उभ्या असलेल्या इमारती. त्यांत ओळीने रचलेली यंत्रे, अखंड वीज, यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था, आणि वीज गेल्यास चालणारी जनित्रे. सकाळपासून आकाशात असलेला मेघ दोन-चार वाक्यांत खाली उतरला. पुढील प्रश्न ओळीने आले. ती इमारत कोणाची? विजेचे बिल कोण भरतो? आपण भाडे भरले नाही तर किती दिवस ठेवतात? काढून दुसरीकडे न्यावयाचे झाल्यास काही लागते काय?

या शेवटच्या प्रश्नास फार महत्त्व आहे. माल आत ठेवताना बहुधा शुल्क पडत नाही. मोठ्या प्रमाणावर बाहेर काढताना पडते. सेवा कायमची सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी २०२४ साली गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही हे निर्गमशुल्क माफ केल्याचे जाहीर केले. पण नित्याच्या वापरात ते आहेच. वाचनालयाच्या कारकुनाला जे सुचले ते सकाळच्या सव्वा तासाच्या व्याख्यानात आलेले नव्हते.

६

दुपारी जेवणासाठी प्रांगणात मंडप घातला होता. खुर्च्या, टेबले, मोठी पातेली, वाढप्यांची भांडी, सर्व भाड्याचे. आमच्या विद्यार्थ्याला तेथे उपमा सापडली, आणि दुपारचे सारे विवेचन त्याने तिच्यावरच उभारले. ती उपमा इतकी नेमकी होती की, येथे नोंदविण्याचा मोह आवरत नाही.

घरच्या चार माणसांना लागतील एवढी भांडी आपण घरात ठेवतो. लग्नकार्यासाठी पाचशे पानांची भांडी कोणी विकत घेत नाही. ती मंडपवाल्याकडून येतात, मोजून येतात, दुसऱ्या दिवशी मोजून परत जातात, आणि दिवसांवर आकार लागतो. ऐन वेळी पाहुणे वाढले तर आणखी शंभर ताटे मागविता येतात. व्याख्येतील साधनांचा सामाईक साठा, झपाट्याने वाढणे-आटोपणे आणि मोजून आकार, ही तिन्ही लक्षणे यात आली. मेघाचे चार प्रकार सांगतात, तेही याच मंडपात बसतात. घरची भांडी हा खाजगी मेघ. मंडपवाल्याची हा सार्वजनिक. जुन्या गावांतून ज्ञातीची वा देवस्थानाची सामाईक भांडी असत व त्यांतील कुटुंबांना कार्यापुरती मिळत, हा सामुदायिक. आणि थोडी घरची, थोडी भाड्याची, हा संमिश्र. सेवेच्या तीन पायऱ्याही सांगता आल्या. नुसती चूल-भांडी घेऊन आचारी आपला आणावा, ही पहिली. चुलीबरोबर मदतनीसही यावेत आणि शिधा व पाककृती तेवढी आपली असावी, ही दुसरी. आणि आपण केवळ पानावर येऊन बसावे, ही तिसरी. आपली टपालपेटी आणि छायाचित्रांचा संग्रह ज्या सेवांत असतो त्या याच पायरीवरच्या.

सकाळी मौन असलेले श्रोते आता वक्त्याच्या पुढे धावू लागले. भांडी परत करावयास विसरलो तर भाडे चढत राहते ना, असे एका बाईंनी विचारले. आणि चालू ठेवलेल्या यंत्राचे बिल वाढत जाते, म्हणून खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना येईल अशी तजवीज आधीच करावी, हा व्यवहारातील पहिला धडा त्यांच्या प्रश्नातूनच निघाला. एका उपमेने संज्ञांच्या यादीला जे जमले नाही ते केले. कारण उपमान श्रोत्यांच्या अनुभवातील होते, त्यामुळे त्यांना त्यावर तर्क चालविता येत होता. मेघाविषयी आपण नवल करू शकतो; मंडपवाल्याविषयी आपण प्रश्न विचारू शकतो.

तथापि उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती एका विद्यार्थिनीनेच सांगितली. भांडी परत जातात तेव्हा धुऊन, रिकामी जातात. आपले अन्न त्यांत राहत नाही. मेघात मात्र जे ठेवावयाचे तेच आपले सर्वस्व असते, आणि ते मालकाच्या कोठारातच राहते. येथे ‘पेव’ हा जुना शब्द अधिक जुळतो, असे ती म्हणाली. जमिनीत धान्याचे पेव पुरून ठेवीत. वरून काही दिसत नसे. ते कोठे आहे हे घरातील दोघा-तिघांनाच माहीत असे, आणि ती माणसे गेली की पेव असून नसल्यासारखे होई. आमच्या ओव्यांचे नेमके हेच झाले होते.

त्यानंतरचा प्रात्यक्षिकाचा तास मात्र अर्धवट फसला, आणि त्याचे कारण सांगणे यजमानाचे कर्तव्य आहे. मोफत चाचणी-खाते उघडण्यासाठी बँकेचे कार्ड लागते; बहुसंख्य विद्यार्थ्यांकडे ते नव्हते, ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना ते द्यावयाचे धाडस नव्हते. शेवटी सहा संगणकांवर आळीपाळीने काम करावे लागले. अशा मेळाव्याचे यजमानपद घेणाऱ्याने शिकण्यासाठी कार्डाविना मिळणारी खाती आधी मिळवावीत. नाहीतर ‘सर्वांना खुला’ असे लिहिलेल्या दारावर एक अदृश्य उंबरठा तसाच राहतो.

७

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना यातून काय घ्यावयाचे आहे? आपली साधने झपाट्याने या भाड्याच्या कोठारांत चालली आहेत : हस्तलिखितांच्या प्रतिमा, नियतकालिकांचे अंक, लोकगीतांची मुद्रणे. त्यात लाभ मोठा आहे. हेमा राईरकर व गी पॉइतेव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या, बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने संगणकीय संग्रहात आल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाद्वारे जगभर वाचता-ऐकता येऊ लागल्या. चार भिंतींतील संग्रहाला हे साधले नसते. तेथे गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव ओवीबरोबर नोंदलेले आहे. कोणाचे आणि कोठले, या दोन प्रश्नांची उत्तरे संग्राहकांनी हातची जाऊ दिली नाहीत, म्हणून तो संग्रह अभ्यासाच्या उपयोगी पडतो.

परंतु कोठार जमिनीवर आहे, आणि जमिनीवरील सर्व संकटे त्यास आहेत, हेही विसरता येत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक पाचमजली इमारत जळाली; ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती त्यांचा माल परत मिळाला नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय केंद्रात आग लागली, आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाचा ८५८ टेराबाइट एवढा साठा नष्ट झाला, कारण त्याची प्रत दुसऱ्या जागी नव्हती. एक खाजगी कोठार होते, दुसरे सरकारी. म्हणजे केवळ मालकी बदलल्याने प्रश्न सुटत नाही. जाणकार सांगतात तो नियम साधा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दूरच्या जागी. जुन्या काळी पोथीच्या प्रती निरनिराळ्या मठांत व घरांत असत म्हणून कित्येक ग्रंथ वाचले. नियम नवा नाही.

मेळाव्याच्या अखेरीस आम्ही एक ठराव केला नाही, एक वही उघडली. विभागाजवळ जे जे संगणकीय रूपात आहे, त्यापुढे तीन रकाने : कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, किती काळ राहील. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, निम्म्याहून अधिक नोंदींपुढे तिसरा रकाना कोराच राहतो. वाचनालयातील ते वृद्ध गृहस्थ दर शनिवारी येऊन ती वही तपासून जातात. त्यांना मेघसंगणन ही संज्ञा अजून उच्चारता येत नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

यास्तव माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नव्या विद्येचे शब्द कोशात असावेत, आणि त्यांसाठी श्रम घेणारांचे ऋण मानावे. पण ती विद्या समाजाची होते ती सभेत, जेथे ऐकणारा आपल्या भाषेत ‘कोठे’ म्हणून विचारू शकतो. असा प्रश्न विचारता येईल एवढी सावली धरणे हे यजमानाचे काम. आदिलाबादच्या त्या स्त्रियांपैकी ज्या हयात आहेत त्यांच्याकडे आमचे विद्यार्थी येत्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहेत. दोघींचा आवाज आता मिळणार नाही. उरलेल्यांच्या मुद्रणांसाठी वहीत पाने राखून ठेवली आहेत, आणि या वेळी तिन्ही रकाने मुद्रणापूर्वी भरावयाचे असे ठरले आहे.